कॉलेज फुटबॉलचा कोच आकड्यांनी कसा जोखावा

हंगाम संपतो, तक्त्यात '३ विजय, ९ पराभव' असं दिसतं, आणि लोकांचा निकाल तयार असतो. निम्मे म्हणतात कोचला घरी पाठवा. निम्मे म्हणतात सामने थोडक्यात गेले, अजून एक वर्ष द्या. दोन्ही बाजू खरे आकडेच हातात घेऊन भांडत असतात, पण चुकीच्या क्रमाने. आधी निकाल बघितला की पुढचा प्रत्येक आकडा त्या निकालाची वकिली करायला लागतो.

म्हणून या लेखात क्रमावर भर आहे. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी एकच हंगाम घेतला आहे, नेब्रास्का विद्यापीठाचा २०२१ सालचा, कोच स्कॉट फ्रॉस्ट. आकड्यांची दिशाभूल आणि आकड्यांचा उपयोग दोन्ही त्या एका हंगामात दिसतात. स्प्रेडशीट येत असेल तर पुरे, प्रोग्रॅमिंगची गरज नाही.

तयारी: प्रश्न ठरवा, मग तक्ता आखा

कागदावर आधी प्रश्न लिहा. प्रश्न तीन प्रकारचे असतात आणि त्यांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात:

(अ) या हंगामात कोचने हाती असलेल्या संघाकडून किती काम काढून घेतलं?
(आ) पुढच्या वर्षी तो ठेवला तर काय होईल?
(इ) त्याने संघ म्हणून माणसं किती चांगली जमवली?

'कोच चांगला की वाईट' हा प्रश्न घेऊन बसलात तर तिन्हींची खिचडी होते.

आता तक्ता. प्रत्येक सामन्याला एक ओळ, आणि स्तंभ असे: तारीख, प्रतिस्पर्धी, मैदान (घरचं, बाहेरचं, त्रयस्थ), आपले गुण, त्यांचे गुण, जादा वेळ झाला का, प्रतिस्पर्धी वरच्या विभागातला (एफबीएस) की खालच्या (एफसीएस), त्याचा हंगामअखेरचा हिशेब (विजय-पराभव), आणि त्या दिवशी प्रत्यक्ष सूत्रं कोणाकडे होती. शेवटचा स्तंभ लोक हमखास विसरतात. २०२३ साली मिशिगनच्या नियमित हंगामातल्या १२ पैकी ६ सामन्यांत मुख्य कोच जिम हारबॉ निलंबनामुळे मैदानावर नव्हते. हंगामाच्या मध्यात कोच काढला की उरलेले सामने तात्पुरता नेमलेला कोच सांभाळतो. ते सगळे एकाच नावावर टाकले तर पुढचा हिशेबच वाकडा.

सामन्यांचे निकाल 'स्पोर्ट्स रेफरन्स'च्या कॉलेज विभागात मिळतात. प्रत्येक चेंडूची नोंद, म्हणजे प्ले-बाय-प्ले, 'कॉलेज फुटबॉल डेटा' या संकेतस्थळावरून उतरवता येते.

सावध: कच्च्या आकड्यातले चार खड्डे

पहिला खड्डा सॅकचा. कॉलेजच्या अधिकृत आकडेवारीत क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) मागे पाडला गेला, म्हणजे सॅक झाला, की ते गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यात वजा होतात. व्यावसायिक एनएफएलमध्ये ते पासिंगच्या खात्यात जातात. त्यामुळे 'यांना धावून यार्ड मिळतच नाहीत' असं दिसणारा संघ खरं तर पास करताना क्वार्टरबॅक वाचवू शकत नसतो, आणि आपण नको त्या सहाय्यकाला दोष देत बसतो. सॅक वेगळे काढा आणि पासिंगच्या खात्यात टाका.

दुसरा, २०२३ चा घड्याळाचा नियम. तोपर्यंत प्रत्येक फर्स्ट डाउननंतर (चार प्रयत्नांत, म्हणजे डाउनमध्ये, १० यार्ड पुढे गेल्यावर मिळणारी नवी संधी) घड्याळ थांबायचं. आता ते प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या २ मिनिटांतच थांबतं. सामन्यात खेळले जाणारे प्ले त्यामुळे घटले. २०२२ चा संघ आणि २०२४ चा संघ यांचे प्रति-सामना यार्ड शेजारी मांडू नका. प्रति-प्ले किंवा प्रति-ड्राइव्ह (चेंडू हाती आल्यापासून जाईपर्यंतचा डाव) मांडा.

तिसरा, जादा वेळ. कॉलेजमध्ये जादा वेळात चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्डांवर मिळतो. तिथले गुण स्वस्त असतात, म्हणून बचावाची सरासरी काढताना ते वगळा. चौथा खड्डा छोटा आहे: बोल सामन्यांचे (हंगामाअखेरच्या निमंत्रित सामन्यांचे) आकडे हंगामाच्या बेरजेत २००२ पासूनच धरले जातात, तेव्हा जुन्या कोचशी तुलना करताना सामन्यांची संख्या मोजून घ्या.

पायरी १: निकाल झाकून अपेक्षा लिहा

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचंही. गुणांचे स्तंभ लपवा आणि या संघाने किती सामने जिंकायला हवे होते ते आधी लिहून ठेवा.

अपेक्षेचे तीन आधार घ्या. पहिला आधार खेळाडूंची गुणवत्ता. भरतीचं मानांकन करणाऱ्या संस्था प्रत्येक शाळकरी खेळाडूला तारे देतात आणि त्यातून संघाचा एकत्रित अंक निघतो. एफबीएसच्या सव्वाशेहून अधिक संघांसाठी एका स्तंभात हा अंक, दुसऱ्यात प्रत्येक संघाचा गुणफरक घाला आणि स्प्रेडशीटमधल्या 'स्लोप' व 'इंटरसेप्ट' या सूत्रांनी सरळ रेषा काढा. तुमचा संघ रेषेच्या किती वर किंवा खाली येतो ते पुढे लागेल. निदान तीन हंगामांचे आकडे घ्या. एका वर्षाची रेषा फार डळमळते.

अंक घेताना मागच्या चार वर्षांच्या भरतीची बेरीज करू नका. ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं आणि २०२१ पासून खेळाडूला पहिल्या बदलीनंतर वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. भरती झालेला मुलगा आज संघात असेलच असं नाही. प्रत्यक्ष यादीत असलेल्यांचाच अंक घ्या.

दुसरा आधार टिकून राहिलेला संघ: मागच्या वर्षीचे किती टक्के यार्ड आणि किती टक्के टॅकल करणारे खेळाडू परत आले. तिसरा आधार त्या विद्यापीठाची मागच्या पाच-सात वर्षांतली पातळी.

आणखी एक तपासणी म्हणून हंगामापूर्वी सट्टाबाजाराने त्या संघाला किती विजय धरले होते तेही लिहा. मात्र सामन्यागणिक 'पॉइंट स्प्रेड'पेक्षा (बाजाराने आधी धरलेल्या गुणफरकापेक्षा) संघ किती पुढे गेला यावरून चौथ्या-पाचव्या वर्षीचा कोच जोखू नका. तोवर बाजाराने कोचची किंमत स्प्रेडमध्ये धरलेली असते, त्यामुळे उत्तम कोचही तिथे शून्याच्या आसपास दिसतो.

सावध: मागच्या वर्षीचा तक्ता ही अपेक्षा नव्हे. इंडियाना २०२३ मध्ये ३-९ होतं. २०२४ मध्ये नवे कोच कर्ट सिग्नेटी आले आणि संघ ११-२ झाला. पण जेम्स मॅडिसन विद्यापीठातले डझनभर खेळाडू त्यांच्या सोबत आले होते आणि क्वार्टरबॅक ओहायो विद्यापीठातून आला होता. म्हणजे जुन्या संघाने एकदम आठ सामने जास्त जिंकले नाहीत, संघच बदलला होता. श्रेय मोठंच आहे, पण त्यातला बराच भाग (इ) प्रश्नाच्या खात्यात जातो.

आर्मी, नेव्ही, एअर फोर्स या सैनिकी अकादम्यांना ताऱ्यांचा अंक लावूच नका. आर्मी २०२४ मध्ये १२-२ झाली. त्यांची भरती आणि खेळण्याची पद्धत दोन्ही निराळी, त्यामुळे रेषा त्यांच्या कोचला दरवर्षी जादूगार ठरवेल.

पायरी २: विजयाऐवजी गुण मोजा

आता गुणांचे स्तंभ उघडा. १२ सामने हा फार लहान नमुना आहे. प्रत्येक सामना निम्म्या-निम्म्या शक्यतेचा धरला तरी १२ सामन्यांत विजयांचा आकडा निव्वळ योगायोगाने सुमारे पावणेदोनने वर-खाली होतो. म्हणजे सहा विजयांच्या लायकीचा संघ आठपर्यंत जाऊ शकतो किंवा चारवर येऊ शकतो, कोच तोच. गुणफरक त्या मानाने स्थिर असतो.

गुणांवरून अपेक्षित विजय काढण्याचं रूढ सूत्र असं: मिळवलेल्या गुणांचा २.३७ वा घात, भागिले (मिळवलेल्या गुणांचा २.३७ वा घात अधिक दिलेल्या गुणांचा २.३७ वा घात). उत्तराला सामन्यांच्या संख्येने गुणा.

नेब्रास्काने २०२१ मध्ये ३३५ गुण मिळवले, २७२ दिले. सूत्रातून ०.६२ येतं, म्हणजे १२ पैकी साधारण साडेसात विजय. प्रत्यक्षात तीन. इथेच 'कोच दुर्दैवी' म्हणणारे थांबतात. थांबू नका.

फोर्डहॅम हा खालच्या विभागातला संघ होता आणि त्याच्यावर ५२-७ विजय मिळाला. तो काढा: ११ सामने, २८३ विरुद्ध २६५, अपेक्षित विजय सहाच्या थोडे खाली, प्रत्यक्षात दोन. आता नॉर्थवेस्टर्नवरचा ५६-७ हा एकच विजयही काढून बघा: २२७ विरुद्ध २५८, १० सामन्यांत सव्वाचार विजय अपेक्षित, प्रत्यक्षात एक. रणजीत दुबळ्या गोलंदाजीवर काढलेलं त्रिशतक सरासरी फुगवतं, तसंच हे.

नॉर्थवेस्टर्नचा सामना कायमचा वगळू नका, तो खराच झाला आहे. फक्त दोन मोठ्या विजयांनी उत्तर साडेसातवरून किती हललं ते पाहायचं. कायमचा उपाय म्हणजे एका सामन्यातला फरक २८ गुणांवर छाटायचा. २८ च्या पुढचे गुण बहुतेक राखीव खेळाडूंनी राखीव खेळाडूंविरुद्ध मिळवलेले असतात.

पडताळा: एफसीएस सामना वगळून आणि २८ ची मर्यादा लावून नेब्रास्काचा सरासरी फरक प्रति सामना उणे ०.३ च्या आसपास यायला हवा (११ सामन्यांची बेरीज उणे ३). तुमचा आकडा अधिक दोनच्या आसपास येत असेल तर फोर्डहॅमची ओळ अजून बेरजेत आहे.

पायरी ३: समोर कोण होतं ते मोजा

उणे ०.३ हा आकडा एकटा काही सांगत नाही. प्रतिस्पर्ध्यांचे हिशेब जोडा. नेब्रास्काच्या ११ एफबीएस प्रतिस्पर्ध्यांची हंगामअखेरची बेरीज ९४ विजय, ४८ पराभव. पण त्यातले ११ सामने नेब्रास्काशीच झालेले. ते न काढणं ही या पायरीवरची सर्वांत जास्त होणारी चूक आहे. कोच जितका हरतो तितके त्याचे प्रतिस्पर्धी बलाढ्य दिसायला लागतात आणि त्याच्या पराभवांना आपोआप माफी मिळते. ते काढले की ८५-४६ उरतं, म्हणजे जवळपास ६५ टक्के. तरीही कार्यक्रम खडतरच होता. नऊ पराभवांपैकी आठ नऊ किंवा अधिक सामने जिंकणाऱ्या संघांकडून झाले. अपवाद फक्त इलिनॉय (५-७).

विजयांऐवजी गुणांनी करायचं तर अशी फेरी चालवा:

१. प्रत्येक संघाचा छाटलेला सरासरी गुणफरक काढा. घरच्या सामन्यात अडीच गुण वजा करा, बाहेरच्या सामन्यात अडीच मिळवा.
२. प्रत्येक संघाच्या फरकात त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या फरकांची सरासरी मिळवा.
३. नवे आकडे वापरून तीच बेरीज पुन्हा करा. दरवेळी मूळ फरकातच मिळवायची, आधीच्या फेरीच्या बेरजेत नाही.
४. आकडे दशांशाच्या पहिल्या घरात हलायचे थांबेपर्यंत चालू ठेवा.

हा आकडा पायरी १ मधल्या अपेक्षेशी ताडा. हंगामाच्या पहिल्या चार आठवड्यांत ही फेरी चालवू नका. संघ तेव्हा एकमेकांशी पुरेसे जोडलेले नसतात आणि एका विचित्र निकालाने अख्खी कॉन्फरन्स (आपसांत खेळणाऱ्या संघांचा गट) वर किंवा खाली जाते.

पायरी ४: नशीब बाजूला काढा, पण सगळं नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश.

निसटता सामना म्हणजे ८ किंवा कमी गुणांनी सुटलेला. एक टचडाउन (सहा गुण) आणि त्यावर दोन गुण, एवढ्यात बरोबरी होऊ शकते असा. २०२१ मध्ये नेब्रास्का अशा सामन्यांत ०-८ होती. उलट बाजूला टीसीयू, म्हणजे टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ: २०२२ मध्ये निसटत्या सामन्यांत ६-१, राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत मजल, तिथे जॉर्जियाकडून ६५-७ असा पराभव आणि पुढच्या वर्षी ५-७. कोच तेच, सनी डाइक्स. निसटते सामने जिंकण्याचं प्रमाण पुढच्या वर्षी सहसा मध्याकडे सरकतं.

यावरून लोक 'निसटते सामने म्हणजे नाणेफेक' असं पाठ करतात. तपासून घ्या. स्प्रेडशीटमध्ये 'बायनॉम.डिस्ट' हे सूत्र आहे. फ्रॉस्ट यांचा नेब्रास्कातला निसटत्या सामन्यांचा एकूण हिशेब ५-२२. सूत्राला ५, २७, ०.५ आणि 'ट्रू' द्या. उत्तर, म्हणजे पाच किंवा कमी विजयांची शक्यता, सुमारे ०.०००७६, म्हणजे साधारण १,३०० मध्ये एक. हे निव्वळ दुर्दैव मानणं अवघड आहे.

पण ०.५ कुठून आलं? हे सामने बरेचसे वरचढ संघांशी झाले. प्रत्येकात जिंकण्याची शक्यता ४० टक्के धरा आणि सूत्र पुन्हा चालवा: ०.०१५ च्या आसपास, ६५ मध्ये एक. शिवाय एफबीएसमध्ये सव्वाशेहून जास्त कोच आहेत, आणि आपण हा कोच निवडला तोच मुळी त्याचा हिशेब सर्वांत विचित्र होता म्हणून. इतक्यांमध्ये एखाद-दुसरा ६५ मध्ये एक असणारच.

म्हणजे एका गृहीतकाने कोच दोषी ठरतो आणि दुसऱ्याने सुटतो. म्हणून दोन्ही उत्तरं लिहा आणि कारण शोधायला चेंडूच्या नोंदींकडे जा. नशिबाने गेलेले सामने वेगवेगळ्या कारणांनी जातात, कोचमुळे गेलेले तेच ते कारण दाखवतात.

नेब्रास्काच्या नोंदी उघडल्या की स्पेशल टीम्स समोर येतात, म्हणजे किक आणि पंट (चेंडू सोडून देताना मारलेली लांब किक) सांभाळणारा विभाग. इलिनॉयविरुद्ध स्वतःच्या गोलरेषेजवळ झेललेल्या पंटवर सेफ्टी (स्वतःच्याच गोलरेषेमागे अडकणं), दोन गुण बहाल. ओक्लाहोमाविरुद्ध टचडाउननंतरची किक अडवली गेली आणि उलट पळवत नेऊन ओक्लाहोमाने दोन गुण घेतले. मिशिगन स्टेटविरुद्ध २०-१३ अशी आघाडी, चार मिनिटांपेक्षा कमी वेळ शिल्लक. अडवणारे एका बाजूला धावले, पंट दुसऱ्या बाजूला गेला, ६२ यार्ड परत येऊन टचडाउन, सामना जादा वेळात गेला आणि तीन गुणांनी हरला. आयोवाविरुद्ध २१-६ अशी आघाडी घेतल्यावर चौथ्या क्वार्टरमध्ये पंट अडवला जाऊन थेट टचडाउन, पराभव सात गुणांनी.

इथेही मोजूनच बोला. या चारांपैकी मिशिगन स्टेट आणि आयोवा या दोनच सामन्यांत त्या एका प्लेचे गुण अंतिम फरकाएवढे किंवा त्याहून जास्त आहेत. इतर दोन सामने त्या चुकीशिवायही बहुधा गेले असते. पण एका हंगामात एकाच विभागाकडून चार वेळा मोठं नुकसान होणं ही व्यवस्थेतली गळती आहे, आणि त्या विभागाला सरावाचा वेळ किती द्यायचा हे मुख्य कोच ठरवतो.

टर्नओव्हरचं (चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जाण्याचं) खातं सोपं आहे. जमिनीवर पडलेला फंबल (हातून सुटलेला चेंडू) कोणाच्या हाती लागेल हे जवळपास निम्मं-निम्मं असतं. दोन्ही संघांच्या एकूण फंबलचे निम्मे अपेक्षित धरा आणि प्रत्यक्षाशी फरक काढा. समजा संघाचे १८ फंबल झाले आणि १३ गमावले, तर अपेक्षेपेक्षा चार जास्त. एका टर्नओव्हरची किंमत चार-पाच गुण धरली तर हंगामात १६ ते २० गुण नशिबाचे. इंटरसेप्शनसाठी बचावाने हात लावलेले सगळे पास मोजा (अडवलेले अधिक पकडलेले). त्यातला साधारण पाचात एक पकडला जातो. फंबल होण्याचं प्रमाण मात्र नशिबात ढकलू नका. चेंडू सुटणं हे बरंचसं प्रशिक्षणाचं आणि खेळाडू निवडीचं अपयश असतं, तो कोणाच्या हाती लागला एवढंच नशीब.

पायरी ५: प्रत्येक चेंडूचा हिशेब

आधी निकाल लागून गेल्यानंतरचे प्ले काढून टाका. दुसऱ्या क्वार्टरमध्ये ३८, तिसऱ्यात २८ आणि चौथ्यात २२ गुणांपेक्षा जास्त फरक असेल तर तो प्ले वगळा. मर्यादा थोडी इकडेतिकडे चालेल, पण सगळ्या संघांना एकच लावा.

उरलेल्या प्रत्येक प्लेला यशस्वी किंवा अयशस्वी असा शिक्का द्या. पहिल्या डाउनला गरजेच्या निम्मे यार्ड, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळाले तर यशस्वी. पहिल्या डाउनला १० पैकी ५ यार्ड यशस्वी, तिसऱ्या डाउनला ८ हवे असताना मिळालेले ७ अयशस्वी. एफबीएसची सरासरी ४० टक्क्यांच्या थोडी वर असते. आक्रमणाचं आणि बचावाचं प्रमाण वेगळं काढा.

मग तीन पूरक आकडे: यशस्वी प्लेमागे सरासरी यार्ड, ड्राइव्ह सुरू होण्याची सरासरी जागा, आणि प्रतिस्पर्ध्याच्या ४० यार्डांच्या आत पोचलेल्या प्रत्येक ड्राइव्हमागे गुण. ड्राइव्ह सुरू होण्याच्या जागेत स्पेशल टीम्सचं काम उघडं पडतं.

सावध: 'दुसऱ्या अर्ध्यात कोच डाव बदलतो' हे सिद्ध करायला दुसऱ्या अर्ध्याचे गुण देऊ नका. आघाडीवरचा संघ घड्याळ खातो, मागे पडलेला पास फेकत सुटतो. दुसऱ्या अर्ध्याचा गुणफलक पहिल्या अर्ध्यानेच ठरवलेला असतो.

पायरी ६: जबाबदारी कोणाची

आक्रमणाचे प्ले कोण पुकारत होतं, बचावाचे कोण, आणि बदल कधी झाला हे तारखेसह लिहा. मुख्य कोच स्वतः आक्रमण चालवत असेल तर आक्रमणाचं खातं त्याचंच. बचावाचं खातं त्याने नेमलेल्या समन्वयकाचं, आणि नेमणुकीचं श्रेय किंवा दोष त्याचा. समन्वयक बदलल्यावर यशाचं प्रमाण हललं का ते पाहा. पण प्रतिस्पर्धी तेवढ्याच ताकदीचे होते का, हे पायरी ३ च्या आकड्यांवरून तपासल्याशिवाय बोलू नका.

थेट मुख्य कोचचं असं खातं म्हणजे मैदानावरचे निर्णय. प्रत्येक चौथ्या डाउनची यादी करा आणि निर्णय त्या क्षणी हाती असलेल्या माहितीवर तपासा, पुढे काय झालं यावर नाही. समजा चौथा डाउन आहे आणि गोलरेषा २ यार्डांवर. फील्ड गोल (तीन गुणांची किक) ९७ टक्के वेळा जातो धरला तर त्याची किंमत २.९ गुण. टचडाउन त्यावरच्या किकसह ७ गुणांचं. म्हणजे टचडाउनची शक्यता ४२ टक्क्यांहून जास्त असेल तर प्रयत्न करणंच योग्य, आणि फसला तरी प्रतिस्पर्धी स्वतःच्या २ यार्डांवर अडकतो, तो फायदा यात धरलेलाच नाही. दर वेळी तीन गुण घेऊन परतणारा कोच सुरक्षित दिसतो, पण गुण सांडत असतो.

उलट उदाहरण २०२२ च्या ऑगस्टमधलं, डब्लिनचं. नेब्रास्का तिसऱ्या क्वार्टरमध्ये २८-१७ ने पुढे असताना फ्रॉस्ट यांनी अचानक ऑनसाइड किक (चेंडू परत आपल्यालाच मिळावा म्हणून मारलेली आखूड किक) घेतली. चेंडू नॉर्थवेस्टर्नला मिळाला आणि सामना ३१-२८ असा गेला. निकाल विसरा आणि एवढंच विचारा: पुढे असलेल्या संघाला अनिश्चितता वाढवून काय मिळणार होतं? ११ गुणांची आघाडी असताना संघाला शांत सामना हवा असतो, मागे असताना जुगार. निर्णय त्या क्षणीच चुकीचा होता. चेंडू नेब्रास्काला मिळाला असता तरी हाच शेरा लिहायचा.

दंडांत फक्त चेंडू हलण्याआधीचे वेगळे मोजा: चुकीची सुरुवात, वेळ संपणं, मैदानावर बारा माणसं. दंडांची एकूण बेरीज शिस्तीबद्दल फारसं सांगत नाही.

पायरी ७: माणसं जमवण्याचं खातं वेगळं ठेवा

पायरी १ मध्ये आपण गुणवत्ता वजा केली. पण ती गुणवत्ता तिसऱ्या वर्षापासून बरीचशी कोचनेच आणलेली असते. तेवढ्यावर थांबलात तर उत्तम भरती करणाऱ्याला शिक्षा होते आणि कमकुवत भरती करून बरा खेळ करणाऱ्याला बक्षीस. म्हणून दोन खाती: नेमणुकीच्या दिवशीचा गुणवत्तेचा अंक आणि आजचा, यांतला फरक हे एक, त्या गुणवत्तेच्या रेषेवर-खाली संघ किती, हे दुसरं. पहिल्या वर्षी पहिलं खातं जवळपास कोरं ठेवा.

पोर्टलमधून किती आले एवढंच मोजू नका. गेलेल्यांपैकी किती जण आधीच्या हंगामात सुरुवातीपासून खेळत होते ते लिहा. २०२१ नंतर नेब्रास्काचा चार हंगाम खेळलेला क्वार्टरबॅक कॅन्सस स्टेटला गेला. मागच्या वर्षीच्या गुणफरकावरून 'आता नशीब फिरेल' असं भाकीत करणाऱ्यांनी तो संघच आता अस्तित्वात नाही हे ध्यानात घेतलं नाही.

पायरी ८: निकाल लिहिणं

एक आकडा देऊ नका, पल्ला द्या. चार हंगामांच्या ४८ सामन्यांतही योगायोगाचा हिस्सा प्रति हंगाम जवळपास एका विजयाएवढा उरतो. 'हा कोच अपेक्षेपेक्षा अर्ध्या विजयाने चांगला' या वाक्याला म्हणून अर्थ नाही. 'दोन विजयांनी खाली, चार वर्षं सलग' याला आहे.

तयारीत लिहिलेल्या तीन प्रश्नांना तीन स्वतंत्र उत्तरं द्या. नेब्रास्का २०२१ साठी ती अशी येतात. (अ) संघाचा खेळ ३-९ पेक्षा बराच वरचा होता, मध्यम ते बरा. पण स्पेशल टीम्सची गळती थेट मुख्य कोचकडे जाते. (आ) पुढच्या वर्षी निसटत्या सामन्यांचं प्रमाण सुधारेल ही अपेक्षा रास्त, मात्र क्वार्टरबॅक गेल्यावर आणि हंगाम संपण्याआधीच आक्रमणाचे चार सहाय्यक काढल्यावर संघाचा पल्ला पुन्हा मोजायला हवा. (इ) चार वर्षांत एकही विजयी हंगाम नाही, तेव्हा जमवलेल्या माणसांचा अंक रेषेच्या वर असेल तर तो कोचच्या बाजूने नाही, विरुद्ध जातो.

विद्यापीठाने त्यांना ठेवलं. २०२२ च्या तिसऱ्या सामन्यात जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ असा पराभव झाला, आणखी एक निसटता. दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबरला, त्यांना काढण्यात आलं. एकूण हिशेब १६-३१.

शेवटचा पडताळा: तक्त्यातून कोचचं आणि विद्यापीठाचं नाव पुसा, 'क' असं लिहा आणि खेळ कळणाऱ्या दुसऱ्या कोणाला फक्त आकडे दाखवून तीच तीन उत्तरं लिहायला सांगा. तुमच्या आणि त्याच्या उत्तरांत जिथे फरक पडेल, त्या पायरीवर परत जा. बहुतेक वेळा तो पायरी १ वरच सापडतो: अपेक्षा निकाल पाहून लिहिलेली असते.